आजारी म्हणा, मेला म्हणू नका

घरघर ऐकू येत नाही म्हणून मी इथे नाही असं समजू नका. टेबलाखाली जुन्या लुंगीत गुंडाळलेला काळा डबा दिसतोय ना, तो मी. डोंगरातल्या रांतेपाव गावच्या रेडेबाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर लुथरचं दुकान आहे, त्या दुकानातला मी कॉम्प्युटर. उभा जन्म मी माणसांना निरोप देण्याच्या फिल्मा जोडण्यात घालवला. आता माझा निरोप ऐका.

माझे आईबाप कोण, ते मला सांगता येणार नाही. पंखा एका मोडलेल्या भावंडाचा, डिस्क दुसऱ्याची, पोट तिसऱ्याचं. लुथरने मकासरहून सुटे भाग आणून मला उभा केला आणि बायकोला म्हणाला, "बघ डामारिस, कसा धट्टाकट्टा आहे!" डामारिसने मला वरून खालून न्याहाळलं. "रेड्यासारखा काळा आहे खरा. ओढतो कसा, ते पुढे कळेल."

आम्हा तोराजा लोकांत श्वास थांबला म्हणून माणूस मरत नाही. अंत्यविधीचा पहिला रेडा बळी पडेपर्यंत तो आजारी. त्याला घरात निजवून ठेवतात, सकाळी कॉफी देतात, बाजाराला जाताना सांगून जातात. मुलंबाळं सबाहच्या पामबागांतून, पापुआच्या खाणींतून येईपर्यंत थांबायलाच हवं की नाही? तोवर तो आजारी. 'मेला' हा शब्द उंबऱ्याबाहेर.

सुरुवातीचे दिवस सुखाचे होते. एक लुथर, त्याचा एक कॅमेरा. जे आणील ते एकाच वळणाचं. तुकडे जोडून, शिजवून त्यांची एकसंध फिल्म बाहेर काढायची, याला तो रेंडर म्हणायचा. त्याच्या जेवणापर्यंत माझं उरकायचं.

मग फोन आले. विधीला येणारा प्रत्येक पाहुणा रडता रडता एक हात वर धरू लागला. कुणी उभं चित्र काढलं, कुणी आडवं. एकाचा वेग दुसऱ्याशी जुळेना. एखाद्याचा तर स्वतःशीच जुळेना, मध्येच धावायचा, मध्येच रेंगाळायचा. काहींची गाठोडी जागा वाचवायला इतकी आवळून बांधलेली, की एकेक चित्र सोडवताना माझा जीव मेटाकुटीला यायचा. बारा गावचे बारा जण आणि मी एकटा दुभाषा! वर कच्चा मालही त्याच म्हाताऱ्या डिस्कवरून उचलायचा आणि तयार मालही तिथेच ठेवायचा. ती बिचारी एकाच पायवाटेवर येरझारा घालून दमायची.

लुथरला हे दिसत नव्हतं असं नाही. पण त्याचं ठरलेलं, "ओत सगळं एकदम, जोडेल तो." माणसांची ही खोडच. जनावर थकलं तर त्याला पाणी दाखवतील, यंत्र थकलं की थापट मारतील.

अशात सांपे आजोबांची फिल्म आली.

सांपे आजोबा खूप दिवस आजारी होते. त्यांच्या उशाशी कॉफी ठेवायची ती त्यांची बायको, लिंबोंग आजी. दुसऱ्या कुणाला कप धरू द्यायची नाही. आणि नशीब बघा, ऐन विधीच्या वेळी आजीच्याच छातीत पाणी झालं. इकडे रेडे पडले, शोकगीताचं रिंगण झालं, आजोबांची पेटी खांद्यावरून कड्यातल्या कबरीत गेली आणि आजी इस्पितळाच्या खाटेवर. घरी आली तेव्हा तिच्यात बसायचीही ताकद नव्हती. पण सकाळ झाली की नातीला सांगायची, "रिबका, आजोबांची कॉफी ठेव."

"आजी, आजोबा गेले आता. विधी झाला."

"तुम्ही बघितलंत. मी नाही बघितलं. माझ्यासाठी तो अजून आजारीच आहे."

रिकाम्या खोलीत कॉफी निवत राहायची. डॉक्टरांनी रिबकाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आजीला काय दाखवायचं ते लवकर दाखवा. म्हणून ती पोरगी साऱ्या भावकीच्या फोनांतले तुकडे गोळा करून लुथरकडे आली. "दादा, आजीने एकदा डोळ्यांनी बघितलं की सुटेल हो ती."

"रविवारच्या प्रार्थनेआधी देतो," लुथर म्हणाला.

लुथरने सवयीप्रमाणे सगळं एकदम ओतलं. मी पेललं तेवढं पेललं. पंखा भणभणला, अंग तापलं, दोनदा मी मध्येच बेशुद्ध पडलो. रिबका रोज दारात.

"झाली का हो?"

"होतेय गं. ती बघ, पडद्यावर पट्टी सरकतेय."

"सरकतेय कसली! बसून रवंथ करतेय तुमची पट्टी."

रविवार येऊन गेला. शेवटी कशीबशी फिल्म निघाली. रिबका बघायला बसली आणि पहिल्याच चित्रावर उठून उभी राहिली. "दादा, हे काय लिहिलंत?"

घाईघाईत लुथरने नेहमीची चौकट उचलून लावली होती. फिल्मभर खाली एकच ओळ, 'स्वर्गीय सांपे'. आणि वर चित्र होतं ते घरातलं. आजोबा निजलेत, आजी कप पुढे करतेय, "घे, गरम आहे," म्हणतेय.

"इथे आजारी आहेत ते!" रिबकाचा आवाज फाटला. "आजी कॉफी पाजतेय आणि खाली तुम्ही त्यांना मारून ठेवलंत! हे दाखवू मी तिला?"

लुथरने कान धरले. तोराजा माणूस आणि ही चूक! पण ओळ फिल्मभर होती. म्हणजे पुन्हा सगळं पहिल्यापासून, पुन्हा बारा गावचे बारा. त्याने बटण दाबायला हात पुढे केला तो डामारिसने धरला.

"आता मी सांगते ते ऐक. बदोंगच्या रिंगणात करंगळीत करंगळी गुंफून माणसं उभी राहतात. प्रत्येकजण आपापल्या चालीने नाचला, तर?"

"रिंगण मोडेल."

"मग? आधी पाऊल एक कर, नंतर रिंगण धर. सगळे तुकडे एकाच साच्यात बदलून घे. एक वेग, एक आकार, गाठोडी सैल. कच्चा माल या डिस्कवर, तयार माल खोक्यात पडून असलेल्या त्या नव्या डिस्कवर."

"अगं, बदलण्यातच किती वेळ जाईल!"

"एकदाच जाईल. आता दर चुकीला जातोय."

लुथर खुर्ची ओढून बसला. एकेक तुकडा मी सावकाश बदलला, आणि खरं सांगते… छे, डामारिसचं ऐकून ऐकून तिच्यासारखं बोलायला लागलो… खरं सांगतो, प्रथमच मला कुणी एकेक घास भरवत होतं. सगळे एका चालीचे झाल्यावर लुथरने ओळ सुधारली आणि रेंडर लावलं. डामारिसने चुलीवर भात टाकला होता, तो शिजायच्या आत फिल्म तयार! लुथर माझ्याकडे बघतच राहिला. "एवढंच होतं?"

एवढंच होतं, बाबा.

तेवढ्यात रिबका आली. काळा झगा घालून. दारातच उभी राहिली.

"झाली बघ!" लुथर हसत म्हणाला. "चल, आजीला दाखवू."

"आजी आजारी आहे, दादा."

"ती आहेच की गं आजा—" लुथर थांबला. त्याने तिचा झगा बघितला. डामारिसने गुपचूप चूल विझवली.

मग रिबकाच म्हणाली, "आजारीच आहे ना ती? मग बघेल की. तुम्ही चला."

लुथरने फिल्म दुसऱ्या कशात घातली नाही. त्याचा कशावरच भरवसा उरला नव्हता. त्याने मला लुंगीत गुंडाळलं, फटफटीवर डामारिसच्या मांडीवर ठेवलं आणि आजीच्या घरी नेलं.

आजी भिंतीला टेकवून बसवलेली होती. नवा सारोंग, केस विंचरलेले. रिबकाने कॉफी आणून ठेवली. या खेपेला कप आजीचा. लुथरने मला घरच्या टीव्हीला जोडलं आणि मी सुरू झालो. आजोबा निजलेले, खाली ओळ, 'सांपे, आजारी'. आजीचा हात कप पुढे करतोय. पाहुणे आले, रिंगण फिरलं. पाऊल एक होतं, कुठे अडखळलं नाही. मग पहिला रेडा पडला आणि खालची ओळ बदलली.

रिबका आजीच्या कानाशी वाकली. "बघ आजी, इथून आजोबा गेले. आता कॉफी ठेवायची नाही हं त्यांना."

आजीने काय बघितलं, ते मला माहीत नाही. माझं काम वेळेवर झालं असतं तर तिने मान हलवली असती. ती मान मला दिसायची राहिली, ती राहिलीच.

त्यानंतर लुथर तुकडे आधी एका साच्यात आणल्याशिवाय कामाला हात लावीनासा झाला. पण माझी हाडं तापून आधीच ठिसूळ झाली होती. आजीच्या विधीची फिल्म नव्या कॉम्प्युटरने केली. मी एका सकाळी उठलोच नाही.

तुमच्याकडेही माझा कुणी भाऊ राबत असेल. त्याच्यापुढे बारा गावची गाठोडी एकदम ओतू नका. आधी त्यांना एका चालीवर आणा. पट्टी रेंगाळते तेव्हा नुसती पट्टी रेंगाळत नसते, पलीकडे कुणीतरी वाट बघत बसलेलं असतं.

गिऱ्हाईक टेबलाखाली वाकून विचारतं, "मेला वाटतं हा?"

"आजारी आहे," डामारिस म्हणते. आणि आपला कॉफीचा कप माझ्यावर ठेवते. ती तो नुसता ठेवते की मला देते, हे मी अजून विचारलेलं नाही.