पहिली तोड

"मनकर्णाबाई, हे काय वो तुमच्या ओटीत?"

कौशल्येनं विचारलं तेव्हा मनकर्णाबाईंनी खाली पाहिलं. पदर कमरेला खोचलेला होता, त्याची आपसूक ओटी झाली होती आणि ओटीत झेंडूची अकरा फुलं होती. टपोरी, केशरी, नुकतीच तोडलेली. समोर तीन कुंड्या होत्या. मघाशी त्या फुलांनी गच्च होत्या, आता मधल्या कुंडीला चांगलं टक्कल पडलं होतं. कुंड्यांपुढं पाटी होती : 'स्पर्धेसाठी. फुलांना हात लावू नये.' मनकर्णाबाईंना वाचता येत होतं. पाटी त्यांनी वाचलीही होती.

"बाप्पा रे! म्या तोडली का हे?"

"नाई तं काय मी तोडली? तुमी जावयाचं सांगून राहिल्या होत्या, मी आयकून राहिली होती. तुमचे हात काय करून राहिले, मले काय मालूम?"

त्यात नवल काही नव्हतं. अकोल्यात देवळाच्या पायरीशी बसून मनकर्णाबाई छत्तीस वर्षं हार विकत होत्या. पायरीवर बसण्याआधी रोज पहाटे गावाबाहेरच्या मळ्यात जाऊन फुलं तोडायची, ती स्वतःच. पदर खोचायचा, सरीत शिरायचं, तोंड चालू ठेवायचं. तोंड आणि हात ही त्यांची दोन वेगळी खाती होती, आणि एकाचा हिशेब दुसऱ्याला कधी कळत नसे. देवाला सुटी नसते, मरणाऱ्या माणसालाही नसते, म्हणून मनकर्णाबाईंनाही कधी सुटी मिळाली नव्हती. आजची पहिली.

कल्पना चंदाची. चंदा, कौशल्या आणि मनकर्णाबाई एकाच पायरीवर ओळीनं बसत. गिऱ्हाईक एकीकडून दुसरीकडं गेलं की तास-दोन तास अबोला, मग चहा. चंदाचा भाचा बंडू गाडी चालवायचा. अमरावतीला वसंतातला फुलांचा उत्सव भरला आहे, मोठं मैदान आहे, जाऊन येऊ, असं चंदा म्हणाली तेव्हा मनकर्णाबाईंनी हात झटकले होते.

"फुलं पाहाले अमरावतीले जायाचं? काहून, अकोल्यात दिसत नाई का मले?"

पण सकाळी सहाला सगळ्यांच्या आधी त्याच गाडीत बसल्या होत्या, इस्त्रीचं लुगडं नेसून. मूर्तिजापूरला आलुबोंडे खाल्ले. बडनेरा येईपर्यंत बंडूला गाणं लावायची फट मिळाली नाही, इतक्या त्या बोलल्या. आणि मैदानात शिरल्यावर एकदम गप्प झाल्या. गुलाब, जरबेरा, डेलिया, डोळे पोचतील तिथवर फुलं, आणि कोणी भाव विचारत नाही! लोक नुसते पाहत होते, फोटो काढत होते, पुढं जात होते. फूल नुसतं पाहण्यासाठी असू शकतं हे त्यांच्या ध्यानातच कधी आलं नव्हतं. त्यांना फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की पुन्हा बोलायला लागल्या, आणि झेंडूच्या कुंड्यांपाशी हा घोटाळा झाला.

"कोनं पाहालं नाई," चंदा हळूच म्हणाली. तिच्या हातात अंबादेवीसाठी अकोल्याहून आणलेल्या हाराची पिशवी होती. "ओटी झाका आन चला. देवीले जाऊ."

मनकर्णाबाई निघाल्याही. पाच-सहा पावलं गेल्या असतील. समोरून एक पंचविशीतली पोरगी दोन्ही हातांत उसाच्या रसाचे गिलास सांभाळत आली. मागं पांढऱ्या टोपीतला, काटकुळा म्हातारा. पोरीनं कुंडी पाहिली आणि एक गिलास हातातून सुटलाच.

"कोनं खुडली माही फुलं?"

आता गर्दीत मिसळून जाता आलं असतं. कौशल्येनं दंडाला धरून ओढलंही. पण पोरीचा चेहरा पाहून मनकर्णाबाईंचे पाय तिथंच थांबले.

"म्या खुडली, पोरी," त्या म्हणाल्या आणि ओटी उघडून दाखवली.

म्हातारा पुढं आला. "बाई, लिवलेलं दिसलं नाई का?"

"दिसलं ना भाऊ. पन हाताले वाचता येत नाई."

कोणी हसलं नाही. पोरगी खाली गवतावर बसली. तिचं नाव दामिनी, दर्यापूरकडच्या खेड्यातली. म्हातारा तिचा सासरा, नत्थुजी. घरची काळी जमीन, त्यात वर्षानुवर्षं कपाशी आणि सोयाबीन. दामिनीला फुलं लावायची होती. चार महिने तिनं या कुंड्या लेकरासारख्या जपल्या होत्या, कारण सासऱ्यानं शब्द दिला होता.

"नंबर आला तं अर्धा एकर देईन म्हनलं होतं मी," नत्थुजी म्हणाले. "आता नंबर कायचा येते? जाऊ दे वं दामिनी. आपली कपाशीच बरी." त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, पण सुटका होती. मनकर्णाबाईंना ती बरोबर ऐकू आली. आपल्या दोन हातांनी या पोरीचं वावर खुडलं होतं.

त्या तरातरा मांडवात गेल्या. छातीवर बिल्ला लावलेल्या तरुणाला सगळं सांगितलं, लपवलं काही नाही. "गुन्हा माहा हाय, तिले काहून सजा? हे घ्या फुलं, मोजून लावा तिच्या नावावर."

त्यानं हात जोडले. "काकू, तोडलेलं फूल धरता येत नाही. नियम आहे."

"मंग दुसऱ्या कोनाले इचारा."

त्यानं आणखी दोघांना बोलावलं, त्यांनी आणखी एकाला. दोन तास गेले. मनकर्णाबाई उन्हात उभ्या राहिल्या, ओटी तशीच धरून. शेवटी तिन्ही कुंड्या स्पर्धेतून बाद झाल्याचं पक्कं कळलं तेव्हा त्या परत आल्या. दामिनी कुंड्या उचलायच्या तयारीत होती. डोळे पुसून कोरडे झाले होते तिचे.

"नत्थुजीभाऊ, बसा," मनकर्णाबाई म्हणाल्या. "माहं आयका, मंग जा."

"माफी मांगू नका बाई. झालं ते झालं."

"माफी नाई मांगून राहिली. धंद्याचं बोलून राहिली. सकाळपासून इथं किती कुंड्या पाहाल्या म्या? झेंडूच्याच पन्नास असतीन. एकीले हात लागला नाई. इथंच काहून लागला? छत्तीस वर्सं खुडून राहिली, भाऊ. हात वाईट फुलावर जातच नाई."

मनकर्णाबाईंनी चंदाच्या पिशवीतून हार ओढला.

"देवीचा हाय वो तो!" चंदा ओरडली.

"देवी समजून घेईन." त्यांनी हारातलं एक फूल ओढून काढलं, मुठीत दाबलं आणि मूठ उघडली. फूल चेपलेलं तसंच राहिलं, पाकळ्या तळव्यावर सांडल्या. मग ओटीतलं एक घेतलं, दोन तास उन्हात तापलेलं. तेही दाबलं. मूठ उघडली तसं ते हळूहळू पुन्हा फुगून गोल झालं. एक पाकळी गळली नाही.

"म्या खुडते तो पुरत नाई, म्हनून हारातला माल बाहेरगावचा. पोत्यात दाबून येते, रस्त्यातच दम सोडते. आमाले दुसरा भेटत नाई. हे फूल दर्यापूरहून सकाळच्या एस.टी.नं आलं तं सांजेपर्यंत ताठ राहीन. आमी तिघी रोज घेतो. काय वं चंदा?"

"घेतो ना," चंदा हाराकडं पाहत रागानंच म्हणाली.

"व्हय, घेतो," कौशल्या म्हणाली.

नत्थुजींनी हात पुढं केला. जन्मभर बोंडातला कापूस चिमटीत घेऊन त्याची पारख करणारा माणूस तो, डोळ्यांपेक्षा बोटांवर त्याचा भरवसा. त्यांनी फूल घेतलं, दाबलं, सोडलं. दुसरं घेतलं. देठ नखानं टोचून पाहिला.

"बरडाचा अर्धा एकर देनार होतो हिले," ते शेवटी म्हणाले. "तिथं काई येत नाई, म्हनून." मग सुनेकडं न बघता बोलले, "बरडात कायले लावतं? विहिरीपासचा घे."

दामिनीनं पदर तोंडाला लावला. रडत होती की हसत होती, कळेना. तिकडं भोंग्यावर निकाल सुरू झाला होता, झेंडूचं पहिलं बक्षीस अचलपूरच्या कोणाला तरी मिळालं. इकडं ते कोणी नीट ऐकलंही नाही. दामिनी मनकर्णाबाईंना रोपांतलं अंतर विचारत होती, आणि कौशल्या, जिनं आयुष्यात एक रोप लावलं नव्हतं, उत्तरं देत होती.

उन्हं कलली. बंडू गाडी घेऊन आला. नत्थुजी फाटकापर्यंत पोचवायला आले.

"बाई, दसऱ्याच्या आंदी पयली तोड होईन. तवा तुमी या. पयलं फूल तुमच्याच हातानं खुडायचं."

मनकर्णाबाई फाटकातच थांबल्या. कापसाची पहिली वेचणी काय किंवा फुलांची पहिली तोड काय, सवाष्णीच्या हातानं व्हायची, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. मालक जाऊन बावीस वर्षं झाली होती. त्यांनी गुंफलेले हार किती नवरदेवांच्या गळ्यात पडले, पण हळदीला कोणी बोलावलं नाही, आणि त्यांनीही कधी वाईट वाटल्याचं दाखवलं नाही. वाटत मात्र होतं. दरवेळी वाटत होतं.

"भाऊ," त्या हळू म्हणाल्या, "मले कुकू नाई."

"ते दिसते मले," नत्थुजी म्हणाले. "मी हाताचं बोलून राहिलो."

मनकर्णाबाईंनी ओटीतली उरलेली फुलं चंदाच्या पिशवीत ओतली. पदर सोडून नीट खांद्यावर घेतला, चेहऱ्यावरून फिरवला.

"दर्यापूरहून तुमच्या गावाले," त्यांनी विचारलं, "सकाळची पयली गाडी किती वाजताची हाय?"