चंद्रीचा पान्हा

आमच्या मालकांचं घोरणं साऱ्या शिवाजी पेठेला ठाऊक होतं, कारण मीच सांगत फिरायचे. नळावर, गिरणीत, भिशीला, जिथं दोन बायका भेटतील तिथं. कानात कापूस घालून झाला, डोक्यावर उशी घेऊन झाली, कोपरानं ढोसून झालं. शेवटी पोराचा जुना रबरी चेंडू त्यांच्या बनियनला पाठीमागं शिवला, म्हणजे उताणं झोपताच येऊ नये. माणूस कुशीवर वळला आणि कुशीवर घोरू लागला. मी शिव्या घालत घालत कधीतरी झोपी जायचे. हे मात्र कधी उलटून बोलायचे नाहीत, आणि मला त्याचाही राग यायचा.

पहाटे उठून मालक चंद्रीची, म्हणजे आमच्या म्हशीची, धार काढत. गोठा झोपायच्या खोलीला लागूनच, मधे नुसता पत्रा. पोरांच्या शाळेपासून किराणा मालापर्यंत सगळं घर तिच्या दुधावर चालायचं.

अठ्ठ्याण्णव साली भावाला मुलगा झाला आणि मी बारशाला राधानगरीला गेले. तिथं अशी शांत झोप लागली की परतायचं मी नावच काढेना. मग एक दिवस शेजारच्या दुकानात मालकांचा फोन आला.

"चंद्री पान्हा सोडंना. सांजचं देती, पहाटंला ढिम्म. रेडकू लावलं, पेंड घातली, काय उपेग न्हाय. सकाळची गिऱ्हाइकं तुटाय लागल्यात. असंच चाललं तर बाजार दाखवाय लागंल तिला."

म्हणजे चंद्रीला विकायचं! चंद्री रेडकू असल्यापासून मी तिला वाढवलेली. पण खरं सांगायचं तर आतून जरा बरंही वाटलं, म्हशीचंसुद्धा माझ्यावाचून चालत नाही म्हणून. मिळेल त्या एसटीनं घरी आले.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पहाटे उठले. पदर खोचून गोठ्यात गेले, चंद्रीचा गळा खाजवला, लाडीगोडी लावली. मालक कासंडी घेऊन बसले. थेंब नाही. शेजारचे आण्णा दुधाचं भांडं घेऊन दारात ताटकळत होते. आता म्हैस जाणार, या विचारानं मला रडूच कोसळलं.

मालकांनी कासंडी खाली ठेवली. मग म्हणाले, "तू आत जाऊन झोप बघू."

"ही काय झोपायची येळ हाय?"

"रोज ह्या वक्ताला झोपल्यालीच असतीस न्हवं? जा की."

आत जाऊन पडले. प्रवासाचा शीण होता, लगेच डोळा लागला. जाग आली तेव्हा उजाडलं होतं आणि मालक उंबऱ्यात उभे होते. हातातल्या कासंडीत काठोकाठ फेस.

"सोडला पान्हा?"

"तू घोराय लागलीस आन सोडला."

"कोण घोरतंय?"

"तूच की. पहाटंला त्येच आवाजावर धार द्यायची सवय हाय तिला."

मी त्यांच्या मागं भांडं घेऊन उभ्या आण्णांकडं पाहिलं. म्हटलं, निदान हे तरी खोटं म्हणतील.

"वैनी, गल्लीत ऐकू येतंय," आण्णा म्हणाले आणि भांडं पुढं केलं.

ते गेल्यावर मी मालकांना विचारलं, "मग इतकी वर्सं बोलला का न्हाईसा?"

"बोलून काय करू? तुला झोप ग्वाड लागती. सांगितलं असतं तर मनाला लावून जागत बसली असतीस."

मला लाज वाटली, हसू आलं, आणि या माणसाची एकदम मायाच आली. पेठभर मी याची अब्रू काढली आणि यानं माझी झोप सांभाळली.

दुपारी पायरीवर बसून बनियनचा चेंडू उसवायला घेतला. मालक पेंड भिजवत होते. तिथूनच म्हणाले, "टाकू नगंस. तुझ्या झंपरला शिवतो."

"शिवा की," मी म्हटलं. "मग धार कशी काढतासा तेच बघते."