राघूचा फ्लेक्स

राग मला आधी माझाच आला, हे सांगून टाकते. फ्लेक्ससाठी राघूचा फोटो मीच काढून पाठवला होता.

राघू म्हणजे माझ्या सासूबाईंचा, अंबूबाईंचा, पोपट. मी त्यांना आत्या म्हणते. नऊ वर्षांपूर्वी ऊसतोडीत तो पाचटात सापडला, एक पंख मोडलेला. जखम भरली, पण उडणं गेलं ते गेलंच. आत्यांनी भिजवलेले शेंगदाणे भरवून त्याला जगवलं. नवरा माझा फौजेत, मी अंगणवाडीत. दिवसभर घरात बोलायला आत्यांना तोच. आपल्याकडचा पोपट पाळणं गुन्हा आहे, हे अख्ख्या उंब्रजमध्ये कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

ते ध्यानात आणून दिलं यशराजदादांनी. त्यांना झेडपीला उभं राहायचं होतं आणि मुद्दा हवा होता. त्यांच्या फार्महाऊसवर लाल-निळा परदेशी मकाव पोपट आहे, रीतसर नोंदणी केलेला. "बाहेरच्या पाखराला परवानगी आणि आपल्या मातीतल्या पाखराला बंदी? हा कायदा बदललाच पाहिजे," असं ते गल्लोगल्ली सांगत सुटले. मला ते पटलं. अजूनही पटतं, म्हणून तर जास्त जळते.

जाहीर सभेत राघूचा सत्कार ठरला. आमच्याकडे सत्कार म्हटला की फ्लेक्स आलाच. पुलाजवळ वीस फुटी फ्लेक्स लागला. वर हात जोडलेले दादा, मध्ये राघूला खांद्यावर घेतलेल्या आत्या, त्याखाली 'नऊ वर्षे पोपट सांभाळणाऱ्या श्रीमती अंबूबाई', गल्लीच्या नावासकट, आणि तळाला बत्तीस शुभेच्छुकांचे चेहरे. गुन्हा, गुन्हेगार, पत्ता, सगळं रंगीत छापलेलं. त्या बत्तीस शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. माझ्याही नाही. सभेत पिंजऱ्याला शाल गुंडाळली, आत्यांना नारळ दिला, टाळ्या पडल्या.

चौथ्या दिवशी वनखात्याची गाडी दारात. कुणी तक्रार केली म्हणून विचारलं, तर वनरक्षकाने मोबाईलवर फ्लेक्सचाच फोटो दाखवला. माणूस वाईट नव्हता, मान खाली घालूनच पंचनामा लिहीत होता. मी दादांना फोनवर फोन लावले. शेवटी एकदाचा उचलला. "वहिनी, कायदा हाय, मी काय करणार? आपण पार दिल्लीपर्यंत आवाज उठवू."

आत्या रडल्या नाहीत. "त्याला उडता येत न्हाई, सायब. उंचावर बसवू नका," एवढंच म्हणाल्या आणि शेंगदाण्यांची वाटी गाडीत दिली. राघू "अंबू, अंबू" करत गेला. मला त्या गाडीपुढे आडवं पडावंसं वाटत होतं.

दोन दिवसांनी दादा स्वतः आले, चार कार्यकर्ते घेऊन. मोबाईलवर नव्या फ्लेक्सचा नमुना होता: 'अंबूबाईंवरील अन्यायाचा जाहीर निषेध'.

"काकी, साताऱ्याला मोर्चा काढतोय. तुमी फकस्त रिकामा पिंजरा घिऊन पुढं चालायचं."

माझ्या तोंडात शिवी आली होती. आत्यांनी हातानेच मला थांबवलं.

"येते की," त्या म्हणाल्या. "पर रिकामा कशाला? तुझा लाल पोपट घाल त्यात."

"त्याला कसं आणणार, काकी? एवढ्या गोंगाटात घाबरून मरंल त्यो."

"माझ्या राघूच्या कानाशी दोन तास कर्णा वाजवलास, तवा न्हाई सुचलं व्हय रं हे?"

आत्या उठल्या, पिंजरा आणला आणि दादांच्या मांडीवर ठेवला.

"घे. तूच घिऊन चाल."

दादा पिंजरा धरून तसेच बसले. तेवढ्यात एका कार्यकर्त्याने सवयीने फोटो काढला. तो मी लगेच माझ्या मोबाईलवर मागून घेतला.

ह्या खेपेचा फ्लेक्स मी छापणार आहे: 'राघूला पकडून देणारे यशराजदादा'. फार्महाऊसच्या पत्त्यासकट.