साडेतीन फुटांचं कलम

पद्मिनी आली आणि शैलाच्या पोटात दुखायला लागलं. ओहायोतल्या एका लॉ लायब्ररीत शैला अकरा वर्षं कॅटलॉगिंग करत होती. कुठल्याशा जर्मन शहराच्या कायद्यांची सोळाव्या शतकातली हस्तलिखित वही तिथे आली, तेव्हापासून तिचा त्या वहीवर डोळा होता. पुण्यात तीन वर्षं संध्याकाळचे क्लास करून जर्मन शिकली होती, ती काय उगाच? १९८६च्या प्रदर्शनासाठी वहीवर पुस्तिका काढायचं ठरलं आणि अमेरिकन साहेबांनी काम दिलं कुणाला, तर चार महिन्यांपूर्वी आलेल्या पीएचडीवाल्या पद्मिनीला! वर नावही तिचंच छापणार. शैलाचा नुसता जळफळाट झाला. त्यात ही भवानी तिला सगळ्यांदेखत 'काकू' म्हणायची.

शुक्रवारी पद्मिनी कागद घेऊन आली. "काकू, प्लीज ट्रान्सलेशन चेक कराल? मंगळवारी प्रिंटिंगला द्यायचंय. तुमच्याइतकं जर्मन इथे कुणाला येतं?"

लावतेय मस्का, असं मनात म्हणत शैला मूळ पानाशी ताडून वाचू लागली. शेजाऱ्याच्या भिंतीपासून किती अंतर सोडून घर बांधावं, त्या कलमाशी ती थबकली. मूळ शब्द होता 'ड्रिटहाल्ब', म्हणजे 'तिसरा अर्धा'. पद्मिनीने लिहिलं होतं साडेतीन फूट. साफ चूक! दोन पुरे आणि तिसरा अर्धा, म्हणजे अडीच. आपला 'अडीच'ही संस्कृत 'अर्धतृतीय'वरून असाच घडलाय, हे क्लासच्या सरांनी फळ्यावर लिहून दाखवलं होतं.

सांगावं का? पण छापलेल्या चुकीवर बोट ठेवणारा एखादा प्रोफेसर आणि पद्मिनीचा पडलेला चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला. काय गार वाटलं तिला!

"परफेक्ट आहे," ती म्हणाली. "काही बदलू नकोस."

सोमवारी पद्मिनी साहेबांना घेऊनच आली. "काकू, थोडक्यात वाचलो! ते साडेतीन नाही, अडीच आहे. मोठ्या डिक्शनरीत बघितलं. अहो, अगदी आपल्या अडीचसारखंच! तुमच्या कसं नाही आलं लक्षात?"

माहीत होतं म्हणावं, तर शुक्रवारी तोंड का शिवलं होतं?

"नाही बाई आलं," शैला म्हणाली.

"काय म्हणतात त्या?" साहेबांनी विचारलं.

मग तेच तिला इंग्रजीत पुन्हा म्हणावं लागलं.