पहिल्या रांगेतली छत्री

आमच्या गावात पक्षी वाचवायचा म्हणजे आधी पाटी लावायची. पक्ष्याचं मग बघू.

एप्रिलमध्ये आमच्या किनाऱ्यावर चिखल्याच्या मादीने अंडी घातली तेव्हाही तसंच झालं. इथे त्या पक्ष्याला फ्रातीनो म्हणतात. मुठीएवढा जीव, आणि अक्कल त्याहून कमी. ना घरटं ना काडी, उघड्या वाळूत तीन अंडी टाकून बाई मोकळी. पण अंडी अशी वाळूच्या रंगाची की शेजारी उभं राहिलं तरी दिसू नयेत. पक्षी-समितीने भोवती दोरी बांधली. इथवर ठीक. मग समितीने पाटी रोवली. नगरपालिका मागे कशी राहील? तिने आपली रोवली, समितीच्या पाटीहून मोठी. मग बँकेची आली, मग सायकल क्लबची. सायकलींचा आणि अंड्यांचा काय संबंध ते देव जाणे.

सपाट वाळूत कावळ्याला बसायला उंच जागा नसते. आता चार झाल्या. तो बँकेच्या पाटीवर ऐसपैस बसला, मादी कुठून उठते आणि कुठे परत जाते ते बघत राहिला, आणि एका सकाळी तिन्ही अंडी फस्त केली. मी दारातून पाहिलं आणि हातातला झाडू टाकून धावले, पण तोवर सगळं संपलं होतं.

मी किनाऱ्यावर छत्र्या आणि आरामखुर्च्या लावते, कॉफी देते, मासे तळते. वडिलांनी सुरू केलेला धंदा, अजून त्यांच्याच नावाने चालतो. समितीची अध्यक्ष ओर्नेला, औषधवाल्याची बायको, माझ्याच वर्गातली. तिला जाऊन सांगितलं, "अगं, त्या पाट्या काढा. कावळ्याला तुम्ही बसायला खुर्ची दिलीय."

"दोरीना, तुला छत्र्यांना जागा हवीय, ते सरळ सांग की."

"जागा मला भरपूर आहे."

"लोकांमध्ये जागृती व्हायला हवी. पाटीशिवाय कशी होणार?"

"कावळ्यामध्ये झाली की. पोटभर झाली."

तिने नाक मुरडलं आणि दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला लागली.

मे महिन्यात त्या वेडीने पुन्हा तीन अंडी घातली, आणि घातली कुठे, तर माझ्या छत्र्यांची पहिली रांग लागते तिच्या अगदी पुढ्यात. मी बघायला गेले तर मादी माझ्यासमोर पंख ओढत, लंगडत चालायला लागली. मोडलाय पंख, मला धर, अंड्यांकडे जाऊ नकोस, असं तिचं नाटक. माझा पक्ष्यांवर जीव वगैरे अजिबात नाही. पण एवढासा जीव माझ्यासारख्या धिप्पाड बाईला स्वतःच्या अंगावर ओढवून घेतोय, हे बघून मला कसंतरीच झालं. यंदाची ही शेवटची अंडी, ही गेली तर संपलं, असं ओर्नेला स्वतःच सगळ्यांना सांगत होती. आणि असं सांगत सांगत बाईंनी पुन्हा पाट्या आणल्या. या वेळी वाइनच्या दुकानाचीही होती.

मी सगळ्या उपटल्या आणि स्वयंपाकघराच्या मागे तोंडं भिंतीकडे करून ठेवल्या. दोरी तेवढी राहू दिली.

गावभर बोंब झाली. मी पक्ष्यांची वैरीण ठरले. नवरा म्हणाला, "तुला कुणी सांगितल्या नसत्या उठाठेवी?"

"तू कॉफी कर," मी म्हटलं.

मग हंगाम सुरू झाला आणि मी छत्र्या लावल्या. आमच्याकडे पहिली रांग म्हणजे साधी गोष्ट नव्हे. घराण्याची जागा सासूकडून सुनेकडे येते, छत्रीचा दांडा खोचायला वाळूत पुरलेल्या नळीवर नंबर असतो, आणि त्या नळीत दुसऱ्या कुणाची छत्री उभी राहिली तर दोन घरांचं बोलणं बंद होतं. अगदी मधली जागा ओर्नेलाची.

पहिल्याच रविवारी कावळा आला आणि ओर्नेलाच्या छत्रीच्या टोकावर बसला. त्याच्या पायाखाली निळ्या अक्षरात माझ्या वडिलांचं नाव. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साऱ्या गावाच्या पाट्यांवर तोंडसुख घेतलं आणि माझ्या स्वतःच्या मी एका ओळीत नीट रोवून ठेवल्या होत्या.

पहिली रांग काढायची ठरवली. एकेकाला सांगितलं. लोक कुरकुरले, "सासऱ्यांपासूनची जागा आमची" वगैरे ऐकवलं, पण खुर्च्या उचलून मागे गेले. राहिली ओर्नेला.

"ऊठ गं, छत्री काढतेय."

"बाकीच्या काढल्यास ना? एकीने काय होतंय?"

"कावळा तुझ्याच छत्रीवर बसतो."

"मग उडव त्याला. माझ्या सासूबाई बसायच्या इथे. त्या मागच्या पोराटोरांच्या कलकलाटात जाऊन बसू मी?"

"पक्ष्यासाठी बस."

तिने गॉगल वर केला. "पक्ष्यासाठी मी वर्षभर राबते, दोरीना. रविवारी तरी मला समुद्र दिसू दे."

मी छत्री मिटली, दांडा उपसला आणि खांद्यावर टाकला. ती थोडा वेळ तशीच उन्हात बसून राहिली. मग टॉवेल गुंडाळला आणि शेजारच्या छत्रीवाल्याकडे गेली. त्याच्या पहिल्या रांगेत एक जागा रिकामी होती.

त्यानंतर कावळा माझ्या छपरावर बसायचा. तिथून त्याला काही धड दिसत नसावं, कारण जूनमध्ये तिन्ही पिल्लं बाहेर आली. काडीसारखे पाय घेऊन ती पाण्याच्या कडेने अशी पळत होती की मी मासे करपवले.

दुसऱ्या दिवशी ओर्नेला वर्तमानपत्राचा फोटोग्राफर घेऊन आली. गळ्यात दुर्बीण, गळपट्टा समितीचा. त्याने विचारलं, "बाई, कुठे उभं राहिलं तर अध्यक्षबाई आणि पिल्लं दोन्ही येतील?"

"ती नळी दिसतेय का, नंबरवाली?" मी म्हटलं. "तिथे. त्यांची नेहमीची जागा आहे."

ओर्नेला जाऊन उभी राहिली. खाली नळीकडे एकदा बघितलं, चपलेने तिच्यावर वाळू लोटली, आणि मग फोटोसाठी हसली.