चालू असताना मोजा

होय मित्रांनो, मी एक जुना गिअरबॉक्स आहे, आणि मी बिघडलेलो नव्हतो. हे आधीच ठणकावून सांगतो, कारण माझ्या नावाने भुईगावात फार बोंबाबोंब झाली आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका लखलखीत कारखान्यात झाला. मी ऑटोमॅटिक. म्हणजे माझ्या गाडीला क्लच नाही. वेग बघून गिअर बदलायचं काम माझं मीच करतो. माझ्या अंगात लाल, पातळ तेल फिरतं आणि त्याच्याच जोरावर माझे गिअर पडतात. सुरुवातीची वर्षं मी मुंबईच्या एका डॉक्टरांकडे काढली. मग दोन हजार एक साली उर्सुलाने ती गाडी विकत घेतली.

उर्सुला सोपाऱ्याच्या शाळेत शिकवते. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे तिच्या डाव्या पायात जोर नाही, त्यामुळे क्लच दाबणं तिला जमणारच नव्हतं. माझ्याआधी तिचा थोरला भाऊ सॅन्टन तिला स्कूटरवरून शाळेत सोडायचा. तो केळीच्या वाडीत अडकला की ती पर्स मांडीवर घेऊन ओटीवर बसून राहायची. मी आलो आणि ते बसणं संपलं. पहिल्या दिवशी भुईगावच्या अरुंद गल्लीतून आम्ही दोघंच बाहेर पडलो, तेव्हा ती एकटीच मोठ्याने हसली. एवढी शाबासकी मला पुरली.

दोन वर्षं मी तिला लोण्यासारखं नेलं-आणलं. मग गाडी सर्व्हिसिंगसाठी व्हिन्सेंट मेस्त्रीकडे गेली. माणूस भला, हात सोन्याचा, पण त्याचं सगळं आयुष्य जीप आणि टेम्पोत गेलेलं. त्याने नेहमीच्या सवयीने इंजिन बंद केलं, थोडा वेळ थांबला आणि माझं तेल मोजायची पट्टी बाहेर ओढली.

"कोणीतरी जास्त ऑइल भरून ठेवलंय," तो म्हणाला, आणि त्याने माझं चांगलं तेल काढून टाकलं!

अहो, ओरडून सांगितलं असतं, पण मला तोंड कुठे आहे?

त्यानंतर माझे हाल सुरू झाले. गल्लीच्या वळणावर मी कचरू लागलो. उर्सुला ॲक्सिलरेटर दाबायची, इंजिन नुसतंच ओरडायचं आणि गाडी हलायची नाही. मग एकदम दणका देऊन गिअर पडायचा. मागची रिक्षा हॉर्न मारायची. व्हिन्सेंटने पुन्हा पट्टी बघितली, पुन्हा इंजिन बंद करूनच. तेल बरोबर दिसलं.

"ऑइल ठीक आहे, म्हणजे आतूनच गेलाय हा," त्याने निकाल दिला. "काढून टाकू. साधा गिअरबॉक्स बसवतो, क्लचवाला."

"आणि क्लच कोण दाबणार?" उर्सुलाने विचारलं.

सॅन्टन समजुतीने म्हणाला, "बाय, मी आहे ना. सोडीन तुला, पहिल्यासारखा."

तो मायेनेच बोलला. पण उर्सुलाचा चेहरा पडला. मला इतका राग आला की सांगता सोय नाही. मला भंगारात टाकायचं तर टाका, पण तिला पुन्हा ओटीवर बसवणारे तुम्ही कोण? सोमवारी मला काढायचं ठरलं.

शनिवारी संध्याकाळी सॅन्टन वाडीत पंप लावत होता; उर्सुला गाडी कडेला लावून तिथेच उभी होती. एप्रिल महिना होता. नळीतून पाणी थुंकल्यासारखं यायचं, थांबायचं, पुन्हा उसळायचं.

"हवा घेतोय," तो वैतागला. "सकाळी बघितलं तर विहिरीत पाणी भरपूर होतं."

"सकाळी पंप बंद होता, दादा," उर्सुला म्हणाली. "चालू झाला की पाणी खाली जातं. बंद असताना बघून काय उपयोग?"

असं म्हणाली आणि तिथेच थांबली. मग माझ्याकडे वळून बघितलं. "दादा, गाडीसुद्धा असंच करते. थांबते, मग उसळते. आणि मेस्त्री तेल बघतात ते इंजिन बंद करून!"

शाब्बास गं माझ्या बाई!

सोमवारी ती मला चालवतच गॅरेजात घेऊन गेली. "इंजिन बंद करायचं नाही," तिने बजावलं.

"चालू इंजिनात ऑइल कोण बघतं?" व्हिन्सेंट हसला.

"आज आपण बघू. मग खुशाल खोला."

त्याने पट्टी ओढली. नुसतं टोक ओलं होतं. बंद इंजिनात माझं तेल खाली साचून जास्त दिसायचं. इंजिन चालू झालं की ते अंगभर पसरायचं आणि पुरतच नव्हतं. "अरे देवा!" म्हणत व्हिन्सेंटने कपाळाला हात लावला. मग स्वतःच लाल तेल आणून मोजून मोजून भरलं. मी पोटभर प्यालो.

मित्रांनो, तुम्हाला विनवणी करणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून ताकीदच देतो. कुणी अडखळलं तर त्याला लगेच मोडीत काढू नका. त्याचं काही कमी पडतंय का ते बघा, आणि तो कामात असताना बघा. उर्सुलालाही लोक ओटीवर बसलेली बघूनच मोजायचे.

तरीही दुसऱ्या दिवशी सॅन्टनने तिला सोडायला स्कूटर पुसून फाटकाशी उभी केली होती.

"दादा, बाजूला घे ती," उर्सुला काच खाली करून म्हणाली. "आम्हाला जायचंय."

त्याने स्कूटर बाजूला घेतली. पुढच्या वळणावर मी कचरलो नाही.