शहाण्यासारखी वाग

आईला चार खडे बोल सुनवायचे, तेही तिच्याच भाषेत, एवढ्यासाठी ती चाळिशीत स्पॅनिशच्या वर्गात जाऊन बसली. बाकीचे कुणी नोकरीसाठी आले होते, कुणी फिरायला जायचं म्हणून. मास्तरीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुम्हाला कशासाठी शिकायचंय?" ही म्हणाली, "भांडायला." सगळा वर्ग हसला. ती हसली नाही.

शिकायचं म्हणजे तरी काय, गेलेलं परत आणायचं. सहा वर्षांची होईपर्यंत ती आईशी स्पॅनिशच बोलायची. मग आईबाबांचं बिनसलं, आई समुद्रापलीकडे आपल्या माहेरी निघून गेली आणि बाबांनी फर्मान काढलं की ह्या घरात ती भाषा पुन्हा ऐकू येता कामा नये. पोरीने त्या भाषेत पाणी मागितलं तर बाबा बहिरे व्हायचे. आपल्या भाषेत मागितलं की पेला लगेच पुढे. पोटच्या पोरीला तहानलेली ठेवून भाषा विसरायला लावणाऱ्याला काय म्हणायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं. वर्षभरात पाटी कोरी झाली. नातेवाईक म्हणाले, "मुलं काय, पटकन विसरतात!"

आईचा फोन मात्र दर वाढदिवसाला यायचा. बाबा स्पीकर लावून शेजारी बसायचे. पलीकडून आई भडाभडा बोलायची, ही ठोंब्यासारखी ऐकायची आणि बाबा अर्थ सांगायचे. "तब्येत बरी आहे म्हणते. अभ्यास कर म्हणते." फोन ठेवण्याआधी आई दर वेळी एकच काहीतरी म्हणायची. बेंक्वांदोकिएरास. पोरीला ते गाण्याच्या ओळीसारखं पाठ झालं होतं.

"काय म्हणाली?"

"शहाण्यासारखी वाग, म्हणाली."

दर वर्षी तेच. टाकून गेली ती गेली, वर शहाणपण शिकवते! तिच्या मनात अशी अढी बसली की मोठी झाल्यावर तिने फोनवर यायचंच सोडून दिलं. फोन येत राहिला, बाबाच दोन वाक्यं बोलून ठेवून द्यायचे.

यंदा पंचाईत झाली. बाबांचे उरलेसुरले दात आदल्या दिवशीच काढले होते आणि तोंडात कापसाचे बोळे होते. फोन वाजला तसा त्यांनी तो हातानेच तिच्याकडे ढकलला. आईचा आवाज म्हातारा झाला होता. तिने काहीतरी विचारलं, मग पुन्हा विचारलं. ही नुसतीच "सी, सी" करत राहिली, म्हणजे हो, हो. कशाला हो म्हणतोय ते देवाला ठाऊक. शेवटी तेच पालुपद आलं आणि फोन बंद झाला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्या बाईवर इतकी वर्षं दातओठ खाल्ले आणि ती समोर आली तर आपणच मुके! दुसऱ्याच दिवशी तिने वर्गाचे पैसे भरले.

पोटापाण्याला ती कवळ्या बनवायची. एका गल्लीतल्या छोट्या कारखान्यात प्लास्टरच्या जबड्यांसमोर बसून मेणात एकेक दात बसवायचा, हे तिचं काम. आता ते करता करता तोंडाने क्रियापदं चालायची. शेजारचा कारागीर म्हणायचा, "बाई, जबडे पळून जातील हो तुमची बडबड ऐकून!"

वर्गात तिचा निराळाच तमाशा होता. बाकीच्यांची 'र' घोळवताना बोबडी वळायची, हिचा 'र' पहिल्याच दिवशी खणखणीत लागला. मास्तरीणबाई बघतच राहिल्या. पण व्याकरण विचारलं की ही सहा वर्षांच्या पोरीसारखी बोलायची. दे. नको. माझं आहे. मोठ्या माणसांची भाषा तिच्याजवळ नव्हतीच, ती वर्गात शिकावी लागली. त्यातलं पहिलं म्हणजे 'उस्तेद', आपलं 'अहो'. परक्याला उस्तेद, घरच्याला 'तू'. तिने भांडणाची वाक्यं पाठ केली ती सगळी उस्तेद लावून. मास्तरीणबाईंनी विचारलं, "कुणाशी भांडणार आहात?"

"आईशी."

"अहो, मग उस्तेद कसलं? सासू आहे का ती?"

"परकीच आहे," ती म्हणाली आणि वाक्यं होती तशीच ठेवली.

मग एके दिवशी आज्ञार्थ निघाला. मास्तरीणबाईंनी फळ्यावर तीन शब्द लिहिले आणि सुटे सुटे वाचले. "बेन. क्वांदो. किएरास." वर्गाने मागून म्हटलं. त्या म्हणाल्या, "आता भरभर." वर्गाने भरभर म्हटलं.

ती तोंड उघडं ठेवून बसली. ते पालुपद तिच्या मागे बसलेल्या वीस जणांच्या तोंडून आलं होतं.

"जवळच्या माणसाला म्हणतात," मास्तरीणबाई सांगत होत्या. "ये. तुला हवं तेव्हा ये."

ती उठली आणि पिशवी न घेताच बाहेर पडली. रस्त्यात तिला रडू आलं नाही, संताप आला. राग कुणाचा धरायचा ते इतकी वर्षं चुकलं होतं, म्हणून तो दुप्पट आला. दर वाढदिवशी आई ये म्हणाली होती. दर वाढदिवशी हिने तोंड फिरवलं होतं. आणि मधे बसलेला माणूस सगळं ऐकत होता, त्याला सगळं कळत होतं.

घरी बाबा मेणाच्या कवळीची वाट बघत बसले होते. हिरड्या भरून आल्या होत्या आणि आज दात तोंडात बसवून बघायचं ठरलं होतं. खरं तर हे डॉक्टरचं काम, पण बापासाठी तिनेच करायचं कबूल केलं होतं. तिने हात धुतले, कवळी त्यांच्या तोंडात बसवली आणि म्हणाली, "एकसष्टपासून मोजा."

ह्या आकड्यांत 'स' भरपूर येतो. शीळ वाजली तर दात पुढे झालेत असं समजायचं. बाबा मोजू लागले. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. एकदाही शीळ वाजली नाही. हाताला यश होतं पोरीच्या.

"आता म्हणा, बेंक्वांदोकिएरास."

नवे दात तोंडात असून बाबांची दातखीळ बसली.

"म्हणा ना. शहाण्यासारखी वाग! एवढं सोपं तर आहे."

 शेवटी त्यांनी ते म्हटलं, आणि काय म्हटलं! एकही अक्षर घसरलं नाही. तिच्या तोंडून काढून घेतलेली भाषा ह्या माणसाने स्वतःच्या तोंडात जपून ठेवली होती.

"तू गेली असतीस," बाबा म्हणाले.

"असेनही गेले."

"लहान होतीस गं. मी एकटा पडलो असतो."

"म्हणून मला एकटं पाडलंत?" ती ओरडली. "तिने मला नको म्हटलं, असं समजून मी जगले, बाबा! ती दर वर्षी दार उघडत होती आणि तुम्ही माझ्या तोंडावर लावत होतात! आणि वर मला म्हणत होतात, शहाण्यासारखी वाग!"

बाबांनी हात पुढे केला. तिने तो धरला नाही. त्यांचा जबडा उघडून तिने कवळी काढली आणि थंड पाण्याच्या वाटीत ठेवली. तेवढ्या रागातही तिने मेणाला धक्का लागू दिला नाही. काम बिघडवणं तिच्या रक्तात नव्हतं.

मग तिने स्वतः फोन लावला. घराण्यात पहिल्यांदाच फोन ह्या टोकाहून त्या टोकाला जात होता. स्पीकर लावला नव्हता, पण आईचा आवाज आधीपासूनच मोठा.

पाठ केलेली भांडणाची वाक्यं आता कुणाला ऐकवायची? त्यांतलं तोंडाला चिकटलेलं उस्तेद तेवढं बाहेर पडलं. "मी बोलतेय. तुम्ही कशा आहात?"

 आई हळूच म्हणाली, "मला तू म्हण."

"तू," ती म्हणाली. "आई, मला कळत नव्हतं. तू काय म्हणायचीस ते मला आज कळलं. मी येऊ?"

मोडकंतोडकं, सहा वर्षांच्या पोरीचं व्याकरण.  आईने तेच पालुपद म्हटलं, वर्गातल्या बाईंसारखं सुटं सुटं.

दारात बाबा येऊन उभे होते. बोळक्या तोंडाने, इतक्या वर्षांच्या सवयीने, त्यांनी अर्थ सांगितला. "ये म्हणते. तुला हवं तेव्हा ये."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बरोबर सांगितलं होतं.

"कळतं मला, बाबा," ती म्हणाली आणि पायाने दार लोटून घेतलं.